जाऊबाईंचं स्वच्छ रक्त

थोरल्या जाऊबाईंचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा त्यांच्या तपासण्या धाकटीनं स्वतःकडे घेतल्या. इस्पितळाच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख. फुप्फुसातली बुरशी हुडकणं हे तिचं रोजचंच काम. थुंकी काचेच्या बशीत ठेवून बुरशी उगवते का ते बघायचं, आणि रक्तात तिची खूण सापडते का ते यंत्रावर तपासायचं. दोन्ही निकाल जुळले, की शंकेला जागा नाही.

इथं ते जुळेनात. बशीत राखी-हिरवी बुरशी मखमलीसारखी दाटली होती, पण रक्त अगदी स्वच्छ. आणि ताडून पाहायला तिनं निरोगी माणसाचं म्हणून स्वतःचंच रक्त लावलं होतं... खूण त्यात होती. चांगली ठसठशीत.

"नळ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही," ती तंत्रज्ञावर घसरली.

"मॅडम, मी हातसुद्धा लावला नाही हो..."

इतक्या वर्षांचा सहकारी, पण तिच्या मनातून तो उतरला. दुसऱ्यांदा तिनं दोघींचं रक्त स्वतः काढलं, नळ्यांवर नावं लिहिली, दाराला आतून कडी लावली आणि यंत्रासमोर बसून राहिली. बंद खोलीत ओलसर, कुबट वास दाटत गेला. यंत्र घरघरत थांबलं.

निकाल तोच.

तिच्या छातीच्या एक्स-रेत मात्र काहीच नव्हतं. साधा खोकलाही नव्हता तिला.

जाऊबाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. "घरात सगळं निम्मं-निम्मं वाटून घेतो ना गं आपण? दुखणं तेवढं राहिलं होतं!" हसता हसता त्यांना उबळ आली. धाकटीनं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं, आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

डॉक्टरांनी बशीतल्या बुरशीवर भरवसा ठेवून गोळ्या सुरू केल्या. पुढच्या आठवड्यात ते कपाळाला आठ्या घालूनच जाऊबाईंच्या इस्पितळातल्या खोलीत आले.

"यांच्या रक्तात औषधाचा अंशही नाही. गोळ्या थुंकून टाकतात का?"

"माझ्यासमोर गिळतात. मीच देते," धाकटी म्हणाली.

"आणि डोळ्यांना त्रास? या गोळ्यांनी पुष्कळांना उजेड लखलखल्यासारखा दिसतो."

"छे! मला काही नाही बाई," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टर गेले. धाकटीनं डोळ्यांवर आडवा हात धरला.

"जाऊबाई... छतावरचा हा दिवा सकाळपासून असा का भडकलाय हो?"

जाऊबाईंनी वर पाहिलं. मग बराच वेळ तिच्याकडे.

"अगं..." त्या हळूच म्हणाल्या, "दिवा बंद आहे."