आयर्लंडचा पहिला प्रवासी

जानेवारीच्या कोरड्या, टळटळीत दुपारी एखादा माणूस छत्री घेऊन टूर कंपनीच्या ऑफिसात शिरला, तर त्याचा अर्थ काय? परदेशी निघालाय, दुसरं काय! आणि त्याच्या दुसऱ्या हातात सुटकेस असेल तर... तर विचारायचीसुद्धा गरज नाही.

मी विचारलंच नाही.

"या, बसा," मी म्हटलं. "आयर्लंड ना?"

तो दारातच थबकला. उंच, सावळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्म्यामागे शांत डोळे. त्या डोळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या हिरव्यागार ओल्या डोंगराच्या चित्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ.

"मी खरं म्हणजे छत्र्यांच्या..."

"छत्रीची काळजी करूच नका! तिथे छत्री न्यायची नाही. वारा असा असतो की उलटी होते. रेनकोट घ्या."

"चांगली छत्री उलटी होत नाही," तो एकदम म्हणाला. इतका वेळ शांत असलेला माणूस छत्रीवरून का दुखावला, ते काही मला कळेना. पण असतात अशी माणसं. जपतात एकेक वस्तू.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. अंधेरी पूर्वेला श्यामसुंदर दळवींच्या टूर कंपनीत मी काउंटर सांभाळत होते. पाच वर्षं लोकांना स्वित्झर्लंडला पाठवत होते आणि स्वतः माथेरानच्या पुढे गेले नव्हते. त्या हिवाळ्यात दळवीसाहेबांना कुठल्याशा विमान कंपनीने आयर्लंडची तिकिटं स्वस्तात देऊ केली... फेब्रुवारीची! तिथे थंडी, पाऊस, संध्याकाळी लवकर अंधार. कोण जाणार? साहेब म्हणाले, "क्षमा, पंधरा माणसं जमव. जमली तर टूर लीडर म्हणून तूच घेऊन जा. नाही जमली तर तिकिटं परत."

तर मला काय हवं होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. पंधरा माणसं. त्या दुपारपर्यंत त्यातलं एकही मिळालं नव्हतं. "फेब्रुवारीत आयर्लंडला काय आहे?" लोक विचारायचे. "पाऊस," मी सांगायचे. "पाऊस आमच्या मुलुंडला काय कमी पडतो?" आणि विषय संपायचा.

अशा वेळी हा छत्रीवाला देवानेच पाठवलेला. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि उठूच दिलं नाही.

"तिथला पाऊस आपल्यासारखा दार फोडून येत नाही," मी सुरू केलं. "बेल वाजवतो, पाय पुसतो, मगच आत येतो."

"आणि जातो कधी?"

"जातच नाही. पाहुण्यासारखा बसून राहतो. पण त्रास नाही हं त्याचा... आपण खिडकीत चहा घेऊन बसायचं. समोर हिरवी कुरणं, मेंढ्या, दगडी बांध. सगळं धुतलेलं. रस्त्यावर माणूस नाही, कारण सीझन नाही. सीझनमध्ये गेलं की देश दिसत नाही, आपल्यापुढच्या माणसाची पाठ दिसते!"

तो हसला. हसताना चष्मा जरा वर सरकवण्याची त्याची लकब होती. मी मनातल्या मनात त्याचा हिशेब मांडून टाकला. मला दोन मिनिटं पुरतात. पत्ता विचारला, तर घाटकोपरचा. बोलणं मोजकं. जानेवारीत छत्री, म्हणजे विसरभोळा. ठरलं. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातला शास्त्रज्ञ!

"सुट्टी मिळेल ना केंद्रातून?" मी विचारलं.

"कुठल्या केंद्रातून?"

"नका सांगू. गुप्त असतं, कळतं मला."

तो काहीतरी बोलणार होता... पण मी नाव विचारलं, आणि त्याने ते सांगितलं. सहदेव घाडी. आयर्लंडचा पहिला प्रवासी. व्यवसायाच्या रकान्यात 'संशोधन' मीच लिहून टाकलं.

तो पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. या वेळी छत्री नव्हती, सुटकेस नव्हती. हातात बटाटेवड्यांचा पुडा होता.

"काही शंका आहेत," तो म्हणाला.

"विचारा ना."

"तिथे मेंढ्या म्हणालात. त्या भिजतात का?"

मी वडा हातात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. शास्त्रज्ञ माणूस. काय विचारेल सांगता येत नाही.

"भिजतात. पण तक्रार करत नाहीत. तुमच्यासारख्याच असाव्यात, कमी बोलणाऱ्या."

"समोरचं कुणी इतकं छान बोलत असेल तर मेंढी तरी मध्ये कशाला बोलेल?"

मला ठसका लागला. वडा तिखट होता, असं मी त्याला सांगितलं.

मग तो येतच राहिला. कधी खिडकीजवळची सीट मिळेल का, कधी तिथे अंधार कितीला पडतो, कधी नुसतंच, "इकडून चाललो होतो." घाटकोपरचा माणूस अंधेरीवरून कुठे चालला असेल? पण असल्या प्रश्नांची उत्तरं मी तेव्हा शोधत नव्हते. कारण तो येतो म्हणून मी साडीला पिन नीट लावू लागले होते... आणि ते माझ्याच लक्षात यायला मला चांगले पंधरा दिवस लागले. दुसऱ्याचं माप दोन मिनिटांत काढणारी मी!

एका दुपारी मी अगदी रडकुंडीला आले होते. चौकशीला आलेलं एक कुटुंब मे महिन्याचं काश्मीर घेऊन गेलं होतं.

"सगळ्यांना मेच हवा," मी चिडून म्हटलं. "शाळेला सुट्टी, बँकेला सुट्टी, मे, मे, मे! मी कुठून आणू फेब्रुवारीची माणसं?"

सहदेवने चष्मा वर सरकवला. "ज्यांना मेमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते, ती माणसं कधी जातात फिरायला?"

"म्हणजे?"

"आंब्याचे व्यापारी. बर्फाचे कारखानेवाले. लग्नाचे मांडव घालणारे, बँडवाले. सगळी मुंबई सुट्टीवर असते तेव्हा हे राबतात. यांना आजवर कुणी विचारलंय, चला म्हणून?"

मी पेन्सिल घेऊन पॅडवर लिहायला लागले, आंबे, बर्फ, मांडव, बँड.

"ऑफ सीझन म्हणजे टूर वाईट नसते हो," तो सावकाश म्हणाला. "काही माणसांचा सीझनच वेगळा असतो."

हे वाक्य त्याला कुठून सुचलं, हे विचारायला हवं होतं ना? तुम्ही विचारलं असतंत. मी मात्र 'केंद्रातल्या माणसाचं डोकं!' म्हणून खूश झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. दहिसरचे आंबेवाले शिवदासशेठ बायको-भावासकट तयार झाले. "बाई, लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी आमच्या सोयीची तारीख काढली," त्यांच्या बायकोने मला सांगितलं. बर्फवाले आले, मांडववाले आले. सहदेव एकेक नाव सांगायचा, मी जाऊन त्याला आयर्लंडच्या पावसात उभं करायचे. जानेवारी संपता संपता पंधरा पूर्ण झाले! पहिलं नाव अर्थातच सहदेव घाडी.

चौदा पासपोर्ट माझ्या कपाटात आले. पंधरावा येईना.

"उद्या आणतो," तो म्हणाला. उद्या आला, पासपोर्ट नाही. "सोमवारी नक्की." सोमवारी तोही आला नाही. दळवीसाहेब म्हणाले, "क्षमा, व्हिसाला उद्याचा दिवस शेवटचा. चौदांवर ग्रुप निघत नाही. तुझ्या शास्त्रज्ञाला गाठ."

तुझ्या! दळवीसाहेबही माणसं वाचतात तर.

मी रिक्षा केली आणि थेट घाटकोपर गाठलं. त्याने दिलेल्या पत्त्यावर केंद्राचे क्वार्टर्स वगैरे काही नव्हतं. एक दुकान होतं. वर पाटी होती, 'घाडी छत्री मार्ट', आणि छताला उलट्या टांगलेल्या शेकडो काळ्या छत्र्या. मागच्या बाजूला शिलाई मशिनांची घरघर. वरच्या मजल्यावर राहत असेल, मी मनाशी म्हटलं. माझं मन किती हुशार बघा, अजूनही हार मानायला तयार नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. ओळखीचा.

"तिथला पाऊस आपल्यासारखा दार फोडून येत नाही, मावशी. बेल वाजवतो, पाय पुसतो, मगच आत येतो."

माझं वाक्य! जसंच्या तसं. मध्ये मी घेते तो श्वाससुद्धा त्याच जागी. मी टांगलेल्या छत्र्यांच्या आड तशीच उभी राहिले.

आत सहदेव जमिनीवर बसून छत्रीच्या काड्यांवर काळं कापड ताणत होता. समोर स्टुलावर एक ठसठशीत बाई बसल्या होत्या.

"अरे पण सहदेवा, मार्च लागला की माझी पापड-कुरडयांची वाळवणं सुरू होतात," त्या म्हणाल्या.

"त्याच्या आत परत याल, वनमालामावशी. लंडनच्या बहिणीकडे जायला काढलेला पासपोर्ट आणायला सांगितला होता, तो आणलात ना? माझ्या जागेवर जा. तिचे पंधरा व्हायला हवेत."

"आणि तू का नाही जात?"

"फेब्रुवारीत कापड कापलं नाही, तर जूनमध्ये काय विकणार? बाबा एकटे पडतील. मी कधी जाणार नव्हतोच. पण ती गेली पाहिजे."

"ती कोण?"

काड्यांवर फिरणारे हात थांबले. "आहे... एक."

"तिला सांगितलंस का?"

"ती बोलू देईल तर ना!"

मी छत्र्या बाजूला सारल्या. "बोल," मी म्हटलं. "आज मी ऐकायला आलेय."

हातातली काडी सटकली आणि ताणलेलं कापड फट्‌कन मिटलं. "क्षमा... तुम्ही?"

"तुम्ही काय तुम्ही! इतकी फसवाफसवी केल्यावर माणूस 'तू'वर येतो. केंद्र कुठाय तुझं?"

"ते तूच दिलंस मला," तो उठत म्हणाला. "मी ट्रॉम्बेला उभ्या जन्मात गेलेलो नाही. सुटकेसमध्ये छत्र्यांची सँपल होती. तुमच्या कंपनीला प्रवाशांना भेट द्यायला हव्यात का, एवढंच विचारायला आलो होतो. तू आयर्लंड सुरू केलंस."

"मग थांबवायचं होतंस मला!"

"वाटलं, हिला मध्येच तोडलं तर पाऊस थांबेल." तो खाली बघत बोलत होता, पण थांबत नव्हता. "जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे आमचं गिऱ्हाईक, क्षमा. आला की दुकानात उभं राहायचं, नाही आला की आभाळाकडे बघत बसायचं. तो बघायचाही असतो, हे पहिल्यांदा कळलं मला. तुझ्या काउंटरवर."

"हे झालं पहिल्या दिवसाचं. दुसऱ्यांदा कशाला आलास?"

"दुसऱ्यांदा मात्र मुद्दाम आलो. तिसऱ्यांदाही. मेंढ्यांचं मला काहीएक पडलेलं नव्हतं."

वनमालामावशींनी पदर तोंडाला लावला. मला राग आला होता हो, अगदी खरा. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, अशी माझी ख्याती. आणि या माणसाने माझ्याच खुर्चीसमोर बसून महिनाभर माझी वाट लावली होती. पण जमेच्या बाजूलाही बघायला हवं. चौदा माणसं याने जोडून दिली. पंधरावं आत्ता, माझ्या पाठीमागे, जोडत होता... आणि त्यात स्वतः कुठेच नव्हता.

"मी जाणार, पंधरा दिवस तिकडे. आणि तू इथे कापड कापत बसणार?"

"हो. न बघता तू एवढं बोलतेस. बघून आल्यावर काय बोलशील, ते मला ऐकायचंय."

"कुठे ऐकणार? आता गिऱ्हाईक राहिला नाहीस तू. ऑफिसात कशाला येशील?"

"घरी ऐकीन."

"कुणाच्या?"

त्याने चष्मा वर सरकवला. "आपल्या."

मशिनांची घरघर एकाएकी थांबली. आतली माणसंही कान लावून होती तर! वनमालामावशी उठल्या, पिशवीतून पासपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "मी येतेय गं आयर्लंडला. याची सगळी कुंडली सांगीन तुला वाटेत." आणि शहाण्या बाईसारख्या निघून गेल्या.

"आई मेचा मुहूर्त धरेल," मी म्हटलं.

"मे नको!" तो घाबरून म्हणाला. "मेमध्ये मला शिंकायलाही वेळ नसतो."

"मग पितृपंधरवड्यात करू. सगळे हॉल रिकामे असतात."

"क्षमा!"

"बरं बाबा, मार्गशीर्षात. छत्र्याही निवांत, तूही निवांत." मी रिक्षा बघायला वळले... आणि त्याने माझं मनगट धरलं. हलकेच. जणू कापड ताणतोय, पण फाटू द्यायचं नाहीये. मी हात सोडवून घेतला नाही. रस्त्यावरून माणसं जात होती. जाऊ दे म्हटलं!

संध्याकाळी मुलुंडला घरी पोचले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. माझ्या हाताकडे तिची नजर गेलीच.

"हे काय गं? मनगटाला काळं काय लागलंय? पाच बोटं उमटलीयेत नुसती!"

"छत्रीच्या कापडाचा रंग आहे."

"फेब्रुवारीत छत्री? जा, आधी साबण लावून धू."

"धुते नंतर," मी तिच्यासमोर पाटावर बसत म्हटलं. "आधी ते सूप बाजूला ठेव, आई. तुला एक स्थळ सुचवायचंय."