मगरीच्या मापाचा हार

"मगरीच्या गळ्याचं माप किती असन?" शालिकराम मामांनी दोन्ही हात हवेत पसरून विचारलं.

झेंडूच्या ढिगाभोवती हार ओवत बसलेल्या तिघांचेही हात थांबले.

"मामा, मगरीले गळा नसते," रागिणी म्हणाली. "डोकं संपलं की एकदम मगर सुरू होते!"

"गिऱ्हाइकानं गळ्यातला हार सांगितला, म्हंजे गळा असते." अकोल्यात इतकी वर्षं फुलं विकून मामा एवढं नक्की शिकले होते. "उद्या मेळ्यात उत्तमभाऊ पुढाऱ्याच्या हातानं मगरीचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, हार!"

"शाल? या उन्हात?" धाकटी करिश्मा किंचाळली.

"सत्काराले मोसम नसते वं," तिचा मोठा भाऊ गोपाल गंभीरपणे म्हणाला. "बाबा, मगर पाण्यात राह्यते. शालीऐवजी टॉवेल द्या म्हणा!"

दोघं खो खो हसली. रागिणी हसली नाही. सुई तशीच बोटांत धरून ती उद्याच्या सत्काराचा विचार करत होती.

रागिणी वलगावची. सुट्टी लागली की मामाकडे अकोल्याला यायचं आणि बाबा आले की त्यांच्याबरोबर परत जायचं, असं ठरलेलं. यंदा पहिला अर्धा भाग पार पडला होता. तिचे बाबा, शेखर, अंदमानात रस्त्याच्या कामावर डंपर चालवायचे. मागच्या वर्षी जहाजात बसून गेले ते अजून आले नव्हते. यायचे ते फक्त त्यांचे व्हॉइस मेसेज. तेही कॅम्पमागच्या टेकडीवर नेटवर्क सापडलं तर. आणि त्या मेसेजमध्ये जेवलीस का, अभ्यास केलास का, हे उरकून झालं की असायच्या मगरी! कॅम्पशेजारीच खाडी होती आणि खाडीत खाऱ्या पाण्याच्या मगरी होत्या.

'बेटा, जगात हिच्याएवढा जोरात कोणीच चावत नाही म्हन्तात,' बाबा सांगायचे. 'जबडा मिटला की कोनाच्या बापाले उघडत नाही! अन् चघळता येत नाही म्हनून शिकार धरून पाण्यात गरगर फिरते. पण तिचं खरं हत्यार दात नाहीत. थे वाट पाह्यते. नुसते डोळे अन् नाक वर ठेवून पडून राह्यते. कोण कुठी पाण्यावर येते, कवा येते, सगळं ध्यानात ठेवते. माणसाले वाटते, लाकूड आहे. अन् मंग एकदम! म्हनून आमी रोज एकाच जागी पाणी भरत नाही.'

रागिणीने हे मेसेज इतक्यांदा ऐकले होते, की बाबा कुठे श्वास घेतात तेही तिला पाठ होतं. शेवटच्या मेसेजमध्ये ते फक्त 'येतोच बेटा लवकर' एवढंच म्हणाले होते. त्यानंतर काही नाही. मामीच्या फोनवरून तिने पाठवलेल्या प्रत्येक मेसेजसमोर एकच राखाडी बरोबरची खूण लटकून राहिली होती. दुसरी काही केल्या उगवत नव्हती.

अशात मेळा आला. कुलदीपशेठच्या तंबूवर फळ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'समुद्राचा राक्षस! अंदमानहून थेट अकोल्यात!' गोपालने 'राक्षस' वाचलं, करिश्माने तिकिटाचा दर वाचला. रागिणीने 'अंदमान' वाचलं आणि ती तिथेच उभी राहिली.

तिकिटाचा प्रश्न नव्हता. मेळ्यातल्या गणपतीला रोज संध्याकाळी मामांकडूनच हार जायचा आणि तो पोचवायचं काम या तिघांचं होतं. हार पोचवून झाला, की रागिणी तंबूतल्या सिमेंटच्या हौदाशी जाऊन बसायची. आत हिरव्या पाण्यात मगर पडलेली असायची. एकदम स्तब्ध! लोक तिला दगड म्हणायचे, रबराची म्हणायचे, पैसे परत मागायचे.

"माह्या बाबांले पाह्यलं का तू?" रागिणी हळूच विचारायची. "पिवळा डंपर चालवते ते. गाणं म्हन्ते, पण सूर चुकते. खाडीवरून जात असतीन तुह्या."

मगर उत्तर देत नव्हती. पण तिचं गप्प राहणं फोनच्या गप्प राहण्यापेक्षा बरं वाटायचं. निदान ती अंदमानहून आली होती.

आली होती का?

पहिल्याच दिवशी रागिणीला काहीतरी दिसलं होतं आणि तिने ते मुद्दाम पाहिलं नव्हतं. बाबांनी एकदा खाडीकाठच्या मगरीचा फोटो पाठवला होता. त्यात डोक्याच्या लगेच मागे मान अगदी सपाट होती. 'खाऱ्या पाण्यातलीची हीच खूण. आपल्याकडच्या नदीतल्या मगरीले तिथं मोठाले खवले असतात,' बाबांनी सांगितलं होतं. हौदातल्या मगरीच्या मानेवर ठळक चार खवले होते, एका ओळीत. चांगले बोराएवढे!

म्हणजे ही अंदमानची नव्हतीच. हिने खाडी पाहिली नव्हती, डंपर पाहिला नव्हता. हे कोणाला सांगितलं असतं, तर मग रोज संध्याकाळी ती बोलणार कुणाशी? म्हणून रागिणी गप्प होती.

पण आता सत्कार आला होता.

"गोपाल, काल कुलदीपशेठनं माइक सुरू केला तवा मगर कुठी होती?" तिने विचारलं.

"नळाच्या कोपऱ्यात. नेहमीसारखी."

"अन् 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हटल्यावर?"

 गोपालच्या आधी करिश्माच ताडकन म्हणाली, "बुडाली! अन् हौदावरच्या फळ्यांच्या स्टेजखाली दोन डोळे निघाले! रोजच निघतात! मले वाटलं, तिले भाषण आवडते!"

"भाषण कोणालेच आवडत नाही," गोपाल म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "अबे! रोज माइक टेस्टिंग झालं, की कुलदीपशेठ स्टेजवरून कोंबडी टाकते!"

"अन् उद्या माइक टेस्टिंग झालं, की उत्तमभाऊ स्टेजवर वाकतीन. हार घेऊन," रागिणी म्हणाली.

तिघंही हाराकडे पाहू लागली. हार एकाएकी फार तोकडा वाटायला लागला.

कुलदीपशेठ ऐकून पोट धरून हसला. "अरे पोट्टेहो, गाय आहे ती गाय! हलत पण नाही!"

मामा म्हणाले, "उत्तमभाऊले काही होत नसते. इलेक्शन हरून बी काही झालं नाही त्यायले."

मामी, म्हणजे पार्बताबाई, भाकरी थापत म्हणाल्या, "सांगून पाह्यलं ना? झालं. आता हात धुवा अन् जेवा."

मोठ्या माणसांचा हा एक फायदा असतो. त्यांच्यावर फार वेळ खर्च होत नाही. मुलांनी मामीच्या फोनवरून सरळ वनखात्याला फोन लावला. पलीकडच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाळ, त्या मेळ्याकडे अंदमानच्या खाऱ्या मगरीची परवानगी आहे, तसा कागद दाखवलाय त्यांनी. तुमच्याकडे वेगळी काही माहिती आहे का?"

गोपाल आणि करिश्माने रागिणीकडे पाहिलं. रागिणीने फोनकडे पाहिलं. एवढं एक वाक्य बोललं, की अंदमान पुन्हा होतं तिथे जाणार होतं, समुद्रापलीकडे.

"ती अंदमानची नाही," ती म्हणाली.  "मान पाहा तिची. फोटो पाठवते."

मामीच्या फोनात गोपालने मेळ्यात काढलेला मगरीचा फोटो होता, तो गेला. मॅडमनी तो पाहिला. मग मॅडमचा आवाज बदलला. "परवानगी खाऱ्या मगरीची आणि हौदात गोड्या पाण्यातली! आम्ही उद्या संध्याकाळी येतो. तोवर हौदाजवळ कोणाला जाऊ देऊ नका!"

हे शेवटचं वाक्य म्हणायला फार सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबू गच्च भरला. मॅडमचा पत्ता नव्हता. उत्तमभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत स्टेजवर चढले. कॅमेरेवाले हौदापलीकडे उभे राहिले. कुलदीपशेठने माइकवर टिचकी मारली.

"हॅलो! हॅलो! माइक टेस्टिंग!"

नळाच्या कोपऱ्यातलं पाणी मोकळं झालं.  स्टेजखाली, फळ्यांच्या अगदी कडेला, दोन डोळे वर आले. लाकडासारखे. वाट पाहत.

"गोपाल, आता!"

गोपाल गर्दीतून घुसला. त्याच्या हातात शेवग्याच्या शेंगा काढायची मामांची लांबलचक बांबूची आकडी होती आणि तिच्या टोकाला हार. "भाऊ! एक मिनिट, भाऊ!"

"हे काय आणलं बे?" कुलदीपशेठ खेकसला.

"भाऊ, तुमी खाली वाकले तर फोटोत नुसती टोपी येईन!" गोपाल म्हणाला. "आकडीनं हार घातला, की तुमी मागं ताठ उभे. चेहरा पुरा पेपरात!"

उत्तमभाऊंनी क्षणभर विचार केला. त्यांच्या मानाने तो बराच मोठा होता. "पोरगं हुशार आहे," ते म्हणाले आणि आकडी हातात घेऊन दोन पावलं मागे सरले. एक हसू कॅमेऱ्याकडे ठेवून त्यांनी हार खाली सोडला.

पाणी फुटलं!

अर्धी मगर सरळ हवेत उभी राहिली! खाट्कन जबडा मिटला. हार, आकडीचं टोक, सगळं आत! मग ती गर्रकन फिरली आणि आकडीही फिरली.

"भाऊ, सोडा! सोडा आकडी!" करिश्मा बेंबीच्या देठापासून ओरडली.

भाऊंनी हातात आलेली कुठलीच गोष्ट आजवर सहजासहजी सोडली नव्हती. पण ही सोडली. ते मागच्या मागे खुर्च्यांच्या तीन रांगांवर आडवे झाले. बांबू कडाकड मोडला आणि हौदात झेंडूच झेंडू तरंगू लागला.

 मग दारातून आवाज आला, "कोणीही हौदाजवळ जाणार नाही!" वनखात्याच्या मॅडम आल्या होत्या.

पुढचं सगळं पटापट झालं. कागद खोटा निघाला. मगर एका धरणाच्या कालव्यात सापडली होती आणि कुलदीपशेठने तिला परस्पर अंदमानची करून टाकली होती. पथकाने दोर टाकून तिचा जबडा चिकटपट्टीने बांधला. "मिटायला एवढा जोर, पण उघडायला नाही," मॅडम म्हणाल्या. "तपासणी झाली, की परत धरणात सोडू." मग त्या मुलांकडे वळल्या. "तुम्ही नसता, तर आज भाऊंचा हात गेला असता. शाब्बास!"

उत्तमभाऊ अंगावरची धूळ झटकत माइकपाशी गेले. "मले पहिल्यापासूनच शंका होती!" त्यांनी जाहीर केलं. मगरीसाठी आणलेली शाल त्यांनी रागिणीच्या खांद्यावर टाकली आणि श्रीफळ गोपालला दिलं. करिश्माला दोन भाषणं ऐकावी लागली.

घरी येताना मामा म्हणाले, "माही आकडी गेली, पण पोट्टेहो, नाव काढलं!" मामीने रात्री पुरणपोळी केली. रागिणीने मामीचा फोन घेतला आणि टाइप केलं, 'बाबा, ती तुमच्याकडची नव्हती.' एकच राखाडी खूण.

ती खूण पाहत ती झोपली. सकाळी मामीने तिला गदागदा हलवलं. "ऊठ वं, तुह्या मेसेजवर डबल खूण आली!"

व्हॉइस मेसेज होता. मागून गाडीच्या भोंग्याचा, चहावाल्याचा आवाज येत होता. 'बेटा, समुद्रावर नेटवर्क नसते ना. जहाजातून उतरून सरळ रेल्वेत बसलो. आता सारं ऐकलं तुह्यं. कोणती मगर? थांब, आल्यावर सांगजो.'

अकोला स्टेशनवर रागिणी सगळ्यांच्या आधी पोचली. गाडी लागली. माणसं उतरली, पेट्या उतरल्या. एक उन्हाने रापलेला माणूस खांद्यावर बॅग घेऊन गर्दीत कोणाला तरी शोधत पुढे पुढे येत होता.

"अवं, जा ना! तुहे बाबा!" करिश्मा म्हणाली.

रागिणी हलली नाही. खांबाआड ती एकदम स्तब्ध उभी होती, नुसते डोळे बाहेर. बाबा एक पाऊल आले. अजून एक आले.

मग एकदम!

बाबा बॅगेसकट मागे बाकावर जाऊन पडले. रागिणीचे दोन्ही हात त्यांच्या गळ्यात मिटले होते. मामांनी ओढून पाहिलं, गोपालने ओढून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"राहू द्या," बाबा तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाले. "हे सुटत नसते. हे खाऱ्या पाण्यातलं आहे."