भर दुपारी बंद होणारे चार्जर

बाजाराच्या छपरावर पालथी पडलेली होडी.

शिवणयंत्राची गंजलेली सुई.

पिवळी टोपी, खिशात पेचकस, आणि शिट्टी वाजवत जिना चढणारा एक माणूस.

तिन्हींपैकी टेलरबाईला खुपत होता तो शेवटचा. वादळानं वीज नेली, फोन नेले. यानं येऊन शाळेच्या गच्चीवर सोलर पॅनेल मांडले, वायरलेस सेट लावला, व्हरांड्यात सगळ्यांचे मोबाइल चार्ज करून दिले. लोकांनी ‘दिवेवाला’ म्हणत त्याला डोक्यावर घेतलं. तिनं नाही. मदतवाले ट्रकनं येतात, ट्रकनं जातात... हा कुठला वेगळा?

“माझ्याबद्दल तक्रार तरी काय आहे?” त्यानं एकदा विचारलंच.

“सापडली नाही अजून. शोधतेय.”

“सापडेपर्यंत... शर्टाचं हे बटण लावून द्याल? तुटलंय.”

“तुटलंय की कापलंय? दोरा बघा, कसा सरळ कापलाय!”

तो कानापर्यंत लाल झाला. तिनं बटण लावलं. जरा जास्तच घट्ट.

पण संशय जाईना. तिचा दादा मालवाहू बोटीवर होता. वादळापासून त्याचा पत्ता नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं दिवेवाल्याला त्याचं सगळं वर्णन सांगितलं होतं. “कळलं की सांगतो,” म्हणाला, आणि नंतर अवाक्षर नाही! उलट रोज भर दुपारी, ऊन ऐन भरात असताना, सगळ्यांचे चार्जर काढून हा एकटाच गच्चीवर...

“बायकोशी बोलत असेल,” बटण लावलं त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या.

“बोलू दे की! माझं काय जातंय?” असं म्हणत तिनं चांगली शिवण उसवून ठेवली.

दुसऱ्या दुपारी ती चपला हातात घेऊन जिना चढली. तो पाठमोरा होता, सेट खरखरत होता.

“हो, डाव्या भुवईवर खूण. तसा एक सापडलाय, असं कालच म्हणालात ना—”

“काल?” तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “आणि काल तुम्ही माझ्यासमोर बसून बटण लावून घेत होतात!”

तो दचकून वळला. “‘तसा एक’ म्हणाले होते हो... भलताच निघाला असता तर? आवाज ऐकल्याशिवाय घरच्यांना सांगायचं नाही, ही आमची रीत आहे. आणि ते बंदर लांब. सगळी वीज लावली तरच लागतं, म्हणून दुपारी—”

“आणि बायको?”

“कुणाची?”

तेवढ्यात खरखरीतून आवाज आला. “चिमणे... रडतेयस का गं?”

“नाही रे दादा,” ती हुंदके देत म्हणाली.

“पाय मोडलाय, बाकी ठणठणीत आहे. त्या माणसाला आधी काहीतरी खायला घाल. रोज दुपारी यानं डोकं खाल्लं, म्हणतात इथले लोक.”

सेट बंद झाला. तिनं डोळे पुसले, त्याच्याकडे रोखून पाहिलं.

“काम झालं तुमचं. आता निघाल...”

“निघावं लागेलच. काही कारण नसेल तर...”

तिनं गळ्यातली कात्री उचलली आणि त्याचं बटण कचकन कापलं.

“हे तुटलंय,” ती म्हणाली. “आणि माझ्याकडे दोरा संपलाय.”

त्याला न्यायला आलेला ट्रक त्यानंच मागच्या मंगळवारी रिकामा परत पाठवला होता.