किल्लीवालीचा तिरका दात

दिव्याच्या खोक्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं त्याच्या.

"मी आधी धरलं," मी म्हणाले.

"मी आधी बघितलं," तो म्हणाला. नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला, वर नुसते दोन डोळे... आणि ते चक्क हसत होते!

मला मात्र हसण्याची अजिबात इच्छा नव्हती. आमच्या गावात हिवाळाभर ऊन दिसत नाही; दरवर्षी आभाळ झाकोळलं की मीही झाकोळते. सकाळी अंथरुणातून उठवत नाही, चहाला चव लागत नाही, आणि कुणी "काय गं, बरी आहेस ना?" असं विचारलं की रडूच येतं. एरवी मी चांगली तोंडाळ बाई आहे, कुणालाही विचारा. यंदा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी अर्धा तास मोठ्या पांढऱ्या उजेडासमोर बसायचं. आणि तसा दिवा त्या अख्ख्या दुकानात एकच उरला होता.

"मला हा औषध म्हणून हवाय," मी म्हणाले.

"मला दातांसाठी."

"दातांसाठी? दिवा?"

"मी दात बनवतो. कवळ्या, कॅपा... नव्या दाताचा रंग बाकीच्या दातांशी जुळवावा लागतो. या असल्या मळकट उजेडात सगळे दात सारखेच दिसतात हो. परवा एका आजोबांचे... जाऊ दे."

"सांगा की!"

"पुढचे दोन इतके पांढरेशुभ्र बसले, की आजी म्हणाल्या, हे तोंड मिटून येणार असतील तरच मी यांच्याबरोबर बाहेर पडेन."

मला खुदकन हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. आणि तिथेच मी फसले, कारण हसण्याच्या नादात माझी पकड सुटली आणि खोकं त्याच्या काखेत गेलं.

दाराशी पोचून तो थबकला. "असं करू या का... दिवा माझ्याकडे राहू दे. रोज सकाळी तुम्ही येऊन बसत जा. उजेड काय, दोघांना पुरेल."

घरी आल्यावर ताईने कपाळाला हात लावला. मी ताई आणि भावजींकडे राहते, त्यामुळे माझ्या प्रत्येक बेतावर ताईची मोहोर लागते.

"एका परक्या माणसाकडे रोज जाऊन बसणार? कशाला, तर उजेडात?"

"अगं, औषध आहे ते."

"हो का? आणि औषधाचे डोळे कसे आहेत?"

मी उशी फेकून मारली. ताई एका क्षणात ओळखते हे मला मुळीच आवडत नाही.

त्याचं काम चालायचं ती खोली एका दवाखान्याच्या मागे होती. लांबलचक टेबल, प्लॅस्टरचे साचे, फळीवर ओळीने मांडलेले जबडे. पहिल्या दिवशी मी दारातच दचकले. "घाबरू नका, चावत नाहीत," तो म्हणाला. दात घासताना भुकटी उडते म्हणून तो सतत मास्क लावून असायचा. चहा प्यायचा तोही खिडकीकडे तोंड करून. लाजाळू असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"बऱ्या आहात ना?" त्याने त्या सकाळी विचारलं होतं.

"ठीक," मी म्हणाले, आणि झालं... डोळे भरून आले. मी दिव्याकडे तोंड फिरवलं. त्यानंतर त्याने मला तो प्रश्न विचारायचं सोडूनच दिलं.

दिव्यासमोर नुसतं बसून करायचं काय? मी कामाचे कागद न्यायला लागले. माझ्या डोक्यावर सहा पुस्तकांची एक रहस्यकथांची मालिका होती, आणि तिच्या पहिल्या गोष्टीचं कथानक महिनाअखेर द्यायचं होतं. मागच्या हिवाळ्यात मी एक अख्खं पुस्तक पांघरुणात घालवलं होतं. "या खेपेला हुकलीस," संपादकबाईंनी बजावलं होतं, "तर मालिका दुसऱ्या कुणाला तरी देईन. मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

"रहस्यकथेत मुडदा पहिल्याच पानावर लागतो का हो?" त्याने एका दाताला कानस लावत विचारलं.

"लागतोच असं नाही. पण मालिकेत आधी शोध घेणारी व्यक्ती लागते. लोकांना परत परत भेटावंसं वाटेल अशी."

"मग कोण आहे ती?"

कोण आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या उजेडात बसून बोलता बोलता ती तयार झाली. किल्ल्या बनवणारी बाई. कुणी बाहेर अडकलं, कुणाचं कपाट उघडेना, की तिला बोलावणं जायचं. कुलूप उघडलं की आतली भानगड आधी तिला दिसायची. पहाटे टुणकन उठणारी, लाल कोट घालून शीळ घालत हिंडणारी. थोडक्यात, हिवाळ्यात मी जे जे नसते ते सगळं. तिचं नाव पडलं किल्लीवाली.

आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मी आत पाऊल टाकते न टाकते तोच स्वारी विचारणार, "काय म्हणतेय किल्लीवाली? उठली का आज?"

ओल्या छत्रीसकट मी समोर उभी! माझं नाक थंडीने लालबुंद! पण नाही, चौकशी कुणाची, तर जी या जगात नाही तिची.

"उठली," मी फणकाऱ्याने म्हणायचे.

"जेवली का काल नीट?"

"न जेवायला काय झालंय तिला?"

"नाही... एकटी असते ना. संध्याकाळी लवकर अंधार पडतो हल्ली. काय करते ती तेव्हा?"

त्याचा आवाज असा काही हळवा व्हायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण गंमत बघा, उत्तरं मी द्यायचे. मुकाट्याने द्यायचे. "काल संध्याकाळी दिवा न लावताच बसून राहिली," मी एकदा म्हणाले. "आज तर उठतच नव्हती. शेवटी ताईने पांघरूण ओढलं... म्हणजे शेजारणीने. तिच्या शेजारणीने."

"शेजारीण बरी आहे," तो म्हणाला. "तिला म्हणावं, रोज ओढत जा."

बघा! शेजारणीलाही निरोप! मलाच तेवढा नाही!

स्वतःच्या हाताने लिहून मी सवत उभी केली होती. तिच्यावर जळावं तरी कुठल्या तोंडाने? ताईला सांगितलं तर ती भावजींना सांगेल आणि दोघं आठवडाभर जेवताना हसतील. मी एकटीच जळत बसले.

मग तो दाताचा विषय निघाला.

"तिचा पुढचा एक दात जरासा तिरका असू दे ना," तो एकदा म्हणाला. कानस हातात तशीच, नजर खिडकीबाहेर.

"का?"

"असाच... कुणाला तरी आवडेल तो."

कुणाला तरी! मी घरी जाऊन आरशासमोर 'ई' करून उभी राहिले. माझे दात शिस्तीत, एका ओळीत. एकही मेला वाकडा नाही!

"दुखतोय का गं?" ताईने विचारलं.

"नाही. सरळ आहे."

"मग रडतेस कशाला?"

माझी खात्री पटली. तिरक्या दाताची कुणीतरी खरीखुरी आहे, आणि हे महाशय तिला माझ्या गोष्टीत घुसवताहेत. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईला संशय यायला काय लागतं? मी गावभर बायकांचे दात बघत हिंडले. बेकरीतली बाई हसली की मी वाकून बघायचे. ग्रंथालयातल्या बाईंना तर मी मुद्दाम विनोद सांगितला. त्या हसल्याच नाहीत, तो भाग वेगळा. दवाखान्यातली मदतनीस कवळ्यांचं खोकं न्यायला आली तेव्हा मी इतकं टक लावून पाहिलं, की बिचारी तोंडावर हात धरून म्हणाली, "काही अडकलंय का हो?"

काहीच अडकलं नव्हतं. तिचेही दात सरळच होते.

आणि मग एका सकाळी त्याने माझ्यासमोर एक इवलीशी डबी ठेवली. माझं काळीज धडधडलं. उघडली... आत कापसावर एक दात. पांढरा, नाजूक, एका बाजूला जरासा कललेला.

"किल्लीवालीचा," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "चार वेळा केला तेव्हा जमला."

चार वेळा! माझ्यासाठी या माणसाने कधी खुर्चीवरची भुकटी झटकली नव्हती!

"छान आहे," मी दातओठ खात म्हणाले. "सांगते तिला."

दुपारी मी दार लावून बसले आणि किल्लीवालीला घड्याळाच्या मनोऱ्यावर चढवलं. चोराचा माग काढत ती वर गेली, कठड्याशी वाकली, आणि मी तिला ढकलून दिलं. लाल कोटासकट. शीळ घालत असतानाच. असं हलकं वाटलं म्हणून सांगू! त्याच भरात मी कथानक संपादकबाईंना पाठवूनही दिलं.

दिवेलागणीला त्यांचा फोन आला.

"अगं बाई, मेली ती!"

"हो."

"पहिल्याच गोष्टीत? मालिका आहे ना ही? पुढच्या पाच पुस्तकांत काय तिचा पंचनामा करत बसणार आहेस?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. खरंच की! रागाच्या भरात मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला होता.

"चूक... झाली."

"चूक कसली! मरण्याचा प्रसंग झकास लिहिलायस, अगदी जीव ओतून. आधीची बाई मात्र कागदी आहे. सदा आनंदी, सदा शीळ. हिचं कधी काही दुखत नाही का गं? उद्या संध्याकाळपर्यंत जिवंत करून पाठव. नाहीतर मी दुसरीकडे विचारते."

सकाळी मला उठवेना. ताईने पांघरूण ओढलं, मी परत ओढून घेतलं. ताई काठावर बसली. "जा गं," ती हळूच म्हणाली. "दिव्यासाठी नको जाऊस. ज्याच्यासाठी जायचं त्याच्यासाठी जा." मी गेले. केससुद्धा विंचरले नव्हते.

"काय म्हणतेय किल्ली..."

"मेली," मी म्हणाले. "काल दुपारी. मी मारलं तिला."

कानस खाली पडली. त्याने दिवा मालवला, का ते त्यालाच ठाऊक. खोलीत करडा उजेड तेवढा राहिला.

"का?" त्याने विचारलं.

"का म्हणजे? रोज सकाळी 'ती उठली का, ती जेवली का, तिला एकटं वाटतं का'! मी काय मेलेय? मी इथे रोज तुझ्यासमोर बसते, तुला कधी वाटलं नाही, एकदा हिलाही विचारावं? तिच्यासाठी दात करतोस चार-चार वेळा! जळते मी तिच्यावर, समजलं? माझ्याच कागदावरच्या बाईवर जळते, आणि त्यापायी माझी मालिका गेली खड्ड्यात!"

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी त्याला 'तू' म्हणाले होते.

त्याने पडलेली कानस उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मी तुला विचारलं होतं. बरी आहेस ना म्हणून."

"मग?"

"तू 'ठीक' म्हणालीस आणि रडायला लागलीस. मला वाटलं, पुन्हा विचारलं तर ही उद्यापासून यायची नाही. पण किल्लीवालीचं विचारलं की तू बोलायचीस. ती उठली म्हणालीस की मला कळायचं, तू उठलीस. ती जेवली नाही म्हणालीस तेव्हा मी टोस्ट आणून ठेवले, आठवतंय? मी रोज तुलाच विचारत होतो गं... तुझं तुला विचारायची सोय नव्हती, एवढंच."

टोस्ट मला आठवत होते. मी ते खाऊन वर त्यांना नावंही ठेवली होती.

"आणि तो दात?" मी चाचरत विचारलं. "तो कुणाचा?"

त्याने मास्क काढला. जरा घुटमळला... आणि हसला. खिडकीकडे न वळता, सरळ माझ्याकडे बघून. पुढचा एक दात, एका बाजूला जरासा कललेला.

"दात बनवणाऱ्याचाच दात वाकडा," तो म्हणाला. "लोक काम देतील का मला? म्हणून झाकतो. पण वाटलं, तुझ्या गोष्टीत कुठेतरी आपण असावं. माणूस म्हणून मागायचा धीर झाला नाही... म्हणून दाताएवढीच जागा मागितली."

आणि मी मूर्ख, बेकरीवालीच्या जबड्यात शोधत होते!

मी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदमच. त्याने रुमाल पुढे केला. त्यावर प्लॅस्टरची भुकटी होती, ती माझ्या नाकाला लागली, तर ती पुसायला तो जवळ आला आणि पुसून झाल्यावरही लांब गेला नाही.

"दिवा लाव," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत तिला जिवंत करायचंय."

कठड्यावरून मी तिला मागे घेतलं. मनोराच काढून टाकला. गोष्ट नव्याने सुरू झाली, ती अशी की हिवाळ्यातल्या एका सकाळी किल्लीवाली उठलीच नाही. शीळ नाही, काही नाही. दारावर कुणीतरी कुलूप उघडून द्या म्हणून थापा मारतंय, आणि जगाची कुलपं उघडणाऱ्या बाईला स्वतःच्या दाराशी जाववत नाहीये. संपादकबाईंनी वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "आता भेटली खरी. दुसऱ्या गोष्टीला लाग."

ते सांगायला मी धावत त्याच्याकडे गेले. तो साचा धुवत होता.

"दुसऱ्या गोष्टीत तिला कुणी भेटेल का गं?" त्याने विचारलं. "चांगला असा कुणी?"

"भेटेल. पण दात सरळ असतील त्याचे."

"का?"

"तिरक्या दाताचा माझा आहे. तिचा तिने शोधावा."

तो पुन्हा हसला, तोंड न लपवता. मग हात पुसून माझ्यासमोर बसला आणि फार जपून, पहिल्या दिवसासारखंच विचारलं, "आणि तू? बरी आहेस ना?"

बाहेर आभाळ तसंच होतं, झाकलेलं. हिवाळा अजून बराच बाकी होता.

"नाही रे," मी म्हणाले. "आज बरी नाहीये."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं होतं. त्याने काही न बोलता माझी खुर्ची दिव्याच्या जवळ ओढली, आणि त्याच्या शेजारी स्वतःचीही.