टोंकखुर्दच्या कच्च्या वाटेवर

"ओ ताई... हा रस्ता पुढे कुठे निघतो?"

देवश्रीने ब्रेक दाबला. गव्हाच्या दोन शेतांमधल्या धुळकट गाडवाटेवर एक उंच मुलगा सायकल आडवी टाकून बसला होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि चिमटीत बाभळीचा हा एवढा काटा.

"ताई?" ती म्हणाली. "माझ्यापेक्षा मोठेच दिसता तुम्ही."

"सॉरी... मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. रस्ता टोंकखुर्दला जातो. तुम्ही मात्र नाही जाणार. पुढचं चाक बसलंय तुमचं."

तो हसला. अगदी मोकळं, दात दाखवून. आणि का कोण जाणे, देवश्री सायकलवरून खाली उतरली.

त्याचं नाव अजेय. इंदूरला मित्राबरोबर त्याचं सायकलींचं दुकान होतं. त्याची ती ग्रॅव्हल सायकल... हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, पण टायर जाड, खडी-मातीवर पळणारे. हायवेवरच्या ट्रकांना कंटाळलेल्या इंदूरकरांसाठी तो देवासच्या बाजूच्या कच्च्या वाटा शोधत हिंडत होता. येत्या महिन्यात त्या वाटांवरून मोठी राइड काढायची होती.

देवश्री देवासची. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी. रविवारी टोंकखुर्दला इंदूमावशीकडे जायचं, ते असंच, शेताशेतांतून. या वाटा तिला बाबांनी दाखवल्या होत्या. बाबा आता नव्हते. वाटा होत्या.

"सगळ्या पाठ आहेत तुम्हाला?" दोघं सायकली ढकलत चालताना त्याने विचारलं.

"पाठ कशाला करायच्या? सपाट मुलूख. देवासची टेकडी कुठल्या हाताला आहे, एवढं बघायचं."

"किती छान मराठी बोलता हो तुम्ही! माझी तर पूरी खिचडी झालीये. वाचायला बसलो की आईला हाका माराव्या लागतात."

"बोलता ना? बस झालं."

"मग बोलत राहा तुम्ही पण. पुढच्या संडेला?"

"बघू," देवश्री म्हणाली. पण पुढच्या रविवारी ती त्याच वाटेवर त्याच्या आधीच येऊन उभी होती.

त्या रविवारी त्याने तिच्यासाठीही दुकानातून एक ग्रॅव्हल सायकल आणली. "ट्रायल आहे," म्हणाला. ती ट्रायल काही संपेना. हरभऱ्याचे घाटे खात, लसणाच्या वासातून, धुळीने भुवया पांढऱ्या करून दोघं हिंडत राहिली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही. आणि एका सकाळी ती त्याला तळ्यावर घेऊन गेली.

छोटंसंच तळं. काठावर पळसाची झाडं... इकडे त्याला खाखरा म्हणतात. बाबांनी तिला सायकल शिकवली ती याच काठावर. ते गेल्यानंतर ती इथे एकटीच यायची. अजेयने फोटो काढला नाही. नुसता बसून राहिला, तिच्या शेजारी.

"हे मॅपवर नाही टाकणार मी," उठताना तो म्हणाला.

त्या दिवशी परतताना वारा समोरून होता, तरी देवश्रीला पायडल मारावंच लागलं नाही असं वाटलं.

आणि मग अल्पना आली.

मूळची इंदूरची, आता बेंगलोरला सायकलींच्या एका मोठ्या कंपनीत. शर्यती खेळलेली. राइडच्या आधी रस्ता पाहायला ती अजेयबरोबर आली, ती "अज्जू, यार!" करतच. अज्जू! देवश्रीने एवढ्या दिवसांत त्याला धड 'अजेय' म्हणायचंसुद्धा धाडस केलं नव्हतं. ती नुसतं 'अरे' म्हणायची.

अल्पना त्याच्या चाकाला चाक लावून चालवायची, वारा त्याने खायचा आणि ही मागे आरामात. तो बोटाने खूण करी, ही वळे. शब्दही लागायचा नाही दोघांना. मध्येच तिने हात पुढे केला, आणि अजेयने आपली पाण्याची बाटली काढून दिली. ती तोंड लावून पाणी प्यायली... सरळ तोंड लावून! मग तोही तिथूनच प्यायला.

देवश्रीने आपल्या बाटलीचं झाकण इतकं घट्ट आवळलं की नंतर ते उघडेचना.

"अज्जूने सांगितलं का तुला?" चहाच्या टपरीवर अल्पना म्हणाली. "आमच्या कंपनीला बेंगलोरच्या वर्कशॉपसाठी माणूस हवाय. मी त्याचंच नाव दिलंय. रविवारपर्यंत सांगतो म्हणालाय."

"नाही... मला नाही बोलला," देवश्री म्हणाली. चहा फार गोड होता. ती टपरीवाल्यावर उगीचच चिडली.

त्या आठवड्यात तिने अजेयचे फोन उचलले नाहीत. प्रयोगशाळेत तेलाचे नमुने दोनदा तपासावे लागले. आईने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "सायकल चावतेय." आईला काही कळलं नाही. तिलाही कळलं नाही.

शनिवारी मावठा झाला. थंडीतला तो अवेळी पाऊस... दुपारभर गव्हावर तडतडत राहिला. रविवारी सकाळी आभाळ लख्ख धुतलेलं, आणि राइडची शेवटची पाहणी. तिघंच होती. देवश्री सगळ्यांत पुढे, कारण मागे राहिलं की ती दोघं दिसत.

एका फाट्यावर ती थांबली. उजवीकडे मुरमाची पक्की पाळ. डावीकडे शेतातून गेलेली काळी वाट, वरून सुकलेली, गुळगुळीत, दिसायला फारच देखणी. आतून ती कशी असणार, हे देवश्रीला ठाऊक होतं. ओली काळी माती सायकलला गिळते.

अल्पना शेजारी येऊन उभी राहिली. अजेय बराच मागे होता.

"देवश्री, ते खाखऱ्याचं तळं इकडेच ना कुठे? अज्जू सारखा त्याचंच सांगत असतो."

देवश्रीच्या छातीत काहीतरी चर्रकन भाजलं. तळं... तळ्याचंही सांगितलं त्याने हिला?

"डावीकडे का?" अल्पनाने विचारलं.

देवश्री बोलली नाही. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसती समोर बघत राहिली. आणि अल्पना डावीकडे वळली.

थोडं अंतर छान गेली. मग चाकं जड झाली, मातीचे लगदे चढले, मागून कडकन आवाज आला, आणि अल्पना सायकलसकट आडवी झाली.

"अल्पना!" अजेय मागून सुसाट आला आणि थेट तिच्यामागे चिखलात शिरला.

देवश्री पाळेवर उभी राहून बघत होती. तो अल्पनाला हात देत होता. अल्पनाचा बूट चिखलात राहिला. तो बूट उपसत होता. दोघं हसायला लागली... खो खो. देवश्रीला रडूच आलं. हे आपणच घडवून आणलं! स्वतःच्या हाताने!

मग तिला अल्पनाचं कोपर दिसलं. रक्त निघत होतं.

तिने सायकल टाकली आणि तीही चिखलात उतरली. रुमालाने कोपर बांधलं. सायकलचा मागचा गिअर मोडून लोंबत होता.

"तू तर पुढे होतीस," अजेय म्हणाला. आता तो हसत नव्हता. "इथे काळी माती आहे, तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"मला माहीत होतं. मी बोलले नाही." ती अल्पनाकडे वळली. "अल्पना, माझी चूक आहे. मी तुला थांबवायला हवं होतं. सॉरी."

"पण का?" अजेयने विचारलं. "पुढच्या रविवारी किती लोक येणार आहेत इथे... तुझ्या भरवशावर येणार आहेत. कुणाचा हात मोडला असता तर?"

"का म्हणजे?" देवश्रीचा बांध फुटला. "ती तुझ्या बाटलीतून पाणी पिते म्हणून! तुला अज्जू म्हणते म्हणून! तू तिला तळं दिलंस... माझं तळं. आणि बेंगलोरला जातोयस ते मला टपरीवर कळतं, तिच्या तोंडून!"

शेतावरून टिटवी ओरडत गेली.

अल्पनाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कोपर दुखतंय, म्हणून मला राग आलाय," ती सावकाश म्हणाली. "पण खरं सांगू? तुझ्या जागी असते तर मीही गप्पच राहिले असते. मी याला न्यायलाच आले होते, देवश्री. नुसतं वर्कशॉपसाठी नाही." ती क्षणभर थांबली. "काल याने नाही म्हटलं. दोन्हीला."

पाळेवरून एक ट्रॅक्टर येत होता. अल्पनाने हात केला, इंदुरी सुरात हाक मारली. "ओ भिया! देवासपर्यंत सोडता का?" सायकल ट्रॉलीत चढवायला अजेयने मदत केली. देवश्रीला वाटलं, आता हाही चढेल... चढणारच. जखमी माणसाला एकटं कोण सोडतं?

"मी येऊ का सोबत?" त्याने विचारलंच.

"नको रे. घरी फोन करते, भाऊ गाडी घेऊन देवासला येईल." अल्पना ट्रॉलीच्या कडेवर बसली. "तू इथला चिखल निस्तर."

अजेय परत वळला. काठी शोधून तो देवश्रीच्या सायकलच्या चाकातली माती खरवडू लागला. वर न बघता म्हणाला,

"तळं आहे एवढंच सांगितलं होतं. कुठे आहे ते नाही. माहीत असतं तर ती चिखलात कशाला गेली असती?"

देवश्रीला हे सुचलंच नव्हतं. ती कानापर्यंत लाल झाली.

"आणि बेंगलोरचं सांगायलाच फोन करत होतो. तू उचलशील तर ना!"

"मी... रागावले होते."

"रागावली होतीस, की जळत होतीस?"

"जळत होते," ती म्हणाली. आता लपवायला उरलंच काय होतं? "अजून जळतेय."

"कधीपर्यंत जळणार?"

"तू जाईपर्यंत."

"मग मुश्किल आहे." त्याने काठी टाकली आणि मान वर केली. नाकावर चिखल, डोळ्यांत हसू. "मी तर कुठे जातच नाहीये. माझं प्रेम आहे तुझ्यावर, देवश्री... हे शुद्ध मराठीत कसं म्हणतात?"

"असंच म्हणतात," ती कशीबशी म्हणाली. "माझंही... असंच."

ट्रॅक्टर धडधडत निघाला. ट्रॉलीतून अल्पनाने बांधलेला हात उंच करून निरोप दिला. अजेयनेही हात हलवला. हलवला, आणि हलवतच राहिला.

"पुरे की," देवश्री म्हणाली. "दिसलं तिला."

तिने त्याचा हात धरून खाली ओढला. मग सोडला नाही.