पंखा आम्ही लावला

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने आमच्या घरी यावं, आमच्या ह्यांच्या उजव्या खांद्याकडे बघावं आणि मग तोंड उघडावं.

मी मालन. मासळीचा धंदा करते. बोलतेय मी, टाइप करतेय माझी भाची सलोनी. ती मघापासून सांगतेय, "मावशी, शिव्या नको घालूस गो, लोक वाचतात." बघू कितपत जमतंय.

भुताच्या गोष्टी म्हणे रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे. २००२ साल, दसऱ्याचा दिवस, नुकते बारा वाजून गेलेले. जागा, रत्नागिरीत राजिवड्याच्या वाटेवरचं सुलेमानभाईंचं गॅरेज. वर पत्रा, बाहेर रखरखीत ऊन.

आमच्याकडे एक जुना टेम्पो होता. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी भरायची आणि संगमेश्वर, देवरुखच्या बाजारात न्यायची. मासळी विकायला मी, स्टेअरिंगवर हे. त्या वर्षी निवळीच्या चढावर त्याचं इंजिन बसलं. साफ बसलं. दुरुस्त करण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून दुसरं बसवायचं ठरलं.

हे म्हणाले, "कोल्हापूरला भंगारात मिळंल चांगलं."

मी म्हटलं, "काय नको. बोटीचं घेऊ."

माझे बाबा तांडेल होते. तांडेल म्हणजे बोट हाकणारा, खलाशांचा म्होरक्या. माझं अर्धं लहानपण बोटीवर गेलं. आमच्याकडे गाड्यांचीच इंजिनं बोटीत बसवतात, आणि बोटवाला आपल्या इंजिनाला पोटच्या पोरासारखं जपतो. तसलं एक इंजिन जयगडच्या बाजूला उतरवून ठेवलंय, असं माझ्या कानावर आलं होतं. मी हट्टाला पेटले. माझ्यापुढे ह्यांचं कधी काय चाललंय?

माझाच हट्ट. हे आधी सांगून टाकते.

बोटीचा मालक म्हणाला, "बोट कुजली, म्हणून काढलं." एवढंच. माणूस नजर देत नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं... पण त्याने इंजिन चालवून दाखवलं, आवाज खणखणीत होता, आणि मी खूश झाले.

सुलेमानभाई म्हणजे चौदा वर्षं कुवेतला गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस. अंदाजपंचे काम नाहीच. त्यांनी टेप काढली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. इंजिनाचे पाय कुठे येणार, गिअरबॉक्स कुठे जुळणार, सगळं लिहिलं.

"वहिनी, चार बोटं कमी पडतायत," ते म्हणाले. "चासीचा आडवा पट्टा कापायला लागंल."

दुसऱ्या दिवशी कटर आणला. कापायच्या आधी त्यांनी चेनपुलीला टांगून इंजिन नुसतं खाली सोडून बघितलं.

बसलं.

काहीएक न कापता बसलं. सुलेमानभाई टेप लावून बघतायत, परत लावतायत. टेपवर जागा चार बोटं कमीच होती... आणि इंजिन आत होतं.

"माप चुकलं असंल तुमचं," हे हसत म्हणाले. सुलेमानभाई हसले नाहीत.

मग पाण्याचं. बोटीचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, त्यामुळे ते आतून धुवावं लागतं. विहिरीच्या गोड्या पाण्याने चार वेळा धुतलं. पाचव्यांदा मी खाली बोट धरलं आणि जिभेला लावलं...

खारट.

सहाव्यांदाही खारट. आणि बोटाला बारीक रेती.

"जुना क्षार हाय, जाईल हळूहळू," हे म्हणाले. मीही मान हलवली. दसऱ्याला गाडी रस्त्यावर आणायची, हेच डोक्यात होतं.

राहिला पंखा. टेम्पोला पुढे रेडिएटर असतो, त्याला वारा घालायला पंखा लागतो. बोटीच्या इंजिनाला तो नसतो. बोटवाले पंखा म्हणतात तो वेगळा, पाण्याखाली फिरून बोट पुढे ढकलतो. तो बोटीबरोबर तिकडेच राहिला होता.

म्हणजे आमच्याकडे आलं तेव्हा त्या इंजिनाला पंखा नव्हता.

पंखा आम्ही लावला.

दसऱ्याला सुलेमानभाई म्हणाले, "आधी पूजा करून घ्या वहिनी, मग बॅटरी जोडतो." बॅटरी जोडलेली नव्हती. डिझेलची नळी सुटी लोंबत होती. किल्ली सुलेमानभाईंच्या खिशात होती. या तिन्ही गोष्टी मी पोराबाळांची शपथ घेऊन सांगते.

ह्यांनी बॉनेटखाली उजवा हात घातला. पंख्याचा पट्टा पुरेसा ताणलाय का, ते बघत होते.

मी पूजेचं ताट मडगार्डवर ठेवायला गेले. हळदकुंकू, झेंडू, नारळ, पितळेची छोटी घंटी. ताट जरा तिरकं झालं. घंटी कलंडली.

एकच टोला...

टण्.

इंजिन सुरू झालं.

आधी इंजिनाचा आवाज आला. मग दुसरा, ओली फांदी पिळून मोडावी तसा. मग ह्यांची किंकाळी.

रक्त वर पत्र्याला लागलं. माझ्या तोंडावर आलं. झेंडूवर आलं. आधी बाही गेली, मग मनगट, मग कोपर. सुलेमानभाईंनी ह्यांना कमरेला धरून मागे ओढलं, मी शर्टाला धरून ओढलं, आणि ते इंजिन आम्हा तिघांना पुढे ओढत होतं. एवढं हाड, एवढं मांस मध्ये आल्यावर पंखा अडकायला हवा होता.

अडकला नाही. वेग वाढला.

सुलेमानभाईंनी बंद करायची तार खेचली. तुटून हातात आली. त्यांनी गोणपाट घेऊन इंजिनाच्या हवेच्या तोंडात कोंबलं, म्हणजे हवेवाचून गुदमरून बंद पडेल. इंजिनाने ते गिळलं. दुसरीकडून काळ्या चिंध्या उडाल्या.

मी पाना घेऊन घाव घालायला लागले. "सोड मेल्या! मुडदा बशिवला तुझा, सोड माझ्या नवऱ्याला!"

ह्यांचं डोकं आता बॉनेटच्या कडेला टेकलं होतं. खांदा आत चालला होता.

आणि मला बाबा आठवले.

बोटीवर तांडेल वर असतो आणि इंजिनवाला खाली. त्या आवाजात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून तांडेल घंटी देतो. एक टोला म्हणजे पुढे. दोन म्हणजे बंद. हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं!

मी गुडघ्यावर बसून रक्तात घंटी चाचपली. सापडली. तिसरा टोला पडेल या भीतीने मी ती दोन्ही हातांत धरली.

टण्. टण्.

बंद.

इतकं एकदम, की मला ह्यांचा श्वास ऐकू आला.

जीव वाचला. हात खांद्यापासून गेला.

आठव्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले आणि घण उचलला. सुलेमानभाईंनी अडवलं नाही. उलट शटर खाली ओढलं आणि बाजूला उभे राहिले. तळहात सोलवटेपर्यंत मी त्या इंजिनाला मारत होते. रडत होते आणि मारत होते. शेवटी ते फुटलं आणि आतून भडाभडा पाणी आलं. घागरभर तरी असेल... कोरड्या इंजिनातून.

तिथून पिशवीत कोयता घालून तशीच जयगडला गेले. पिशवीतून डोकावणारी कोयत्याची मूठ बघून मालक बोलला.

त्यांच्या बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. एक खलाशी सुरी घेऊन खाली उतरला. इंजिन बंद होतं. वर कुणाचा तरी धक्का लागून घंटीचा एक टोला पडला, आणि इंजिनवाल्याने सवयीने इंजिन चालू केलं.

"मी नुसता बोंबलत राह्यलो," मालक म्हणाला. "दोन टोले द्यायचं मला सुचलंच नाय. खालचा माणूस वाट बघत असंल, नाय? दोन टोल्यांची?"

कोयता पिशवीतून बाहेर काढलाच नाही मी. तो एवढा रडत होता.

दिवाळीनंतर हे घरी आले. जखम भरली, अंगावर मांस चढलं. सगळे म्हणाले, नशीब तुझं मालन.

पण ऐका. लग्नाला वीस वर्षं झाली होती. "काय गो मालन" म्हणणारा माझा माणूस आता मला "तुम्ही" म्हणतो. पाण्यात पाय बुडवायला घाबरणारा माणूस डाव्या हाताने आणि दातांनी जाळं विणतो. कधी कुणी शिकवलं नव्हतं. झोपेत तुळसा म्हणून हाक मारतो. आमच्या नात्यात कुणी तुळसा नाही.

आणि रोज संध्याकाळी ओटीवर बसून मला विचारतो, अगदी हळू, परक्या घरात विचारावं तसं...

"मला घरी कधी सोडताय?"

मी म्हणते, "उद्या."

सुलेमानभाई आता म्हातारे झाले. ते म्हणतात, वहिनी, एकदा जयगडला जा, त्या खलाशाचं नाव विचारा, त्याचं घर कुठलं ते विचारा. निदान कळेल तरी.

मला नाही जायचं. ते घर सापडलं आणि ह्यांनी तिथलं दार ओळखलं, तर परत येताना मी एकटी असेन.