दोन मिलिमीटर उजवीकडे

लॅबचं दार उघडलं आणि तिच्या काळजाचा ठोकाच चुकला. समोरच्या टेबलावर एक लोखंडी यंत्रहात गर्रकन वळून खाली येत होता आणि त्याच्या बरोब्बर खाली एका मुलाचं डोकं होतं. कुरळ्या केसांचं, जगाची शुद्ध नसलेलं. विचार करायला वेळ होता कुठे! बॅग दारातच टाकून ती धावली आणि भिंतीवरचं लाल बटण तिनं तळहातानं असं काही हाणलं की सगळं एकदम थंडच. हात हवेत लटकला, टेबलावरचा कॉम्प्युटरही काळा पडला.

ते डोकं सावकाश वर आलं. त्याच्या हातात खाली पडलेलं पेनाचं टोपण होतं.

"तुम्ही... बंद केलंत?"

"मग काय करू? टाळकं फुटलं असतं तुमचं!"

"नाही, तो... वीतभर वरच थांबतो. तसं लिहिलंय मी." त्यानं काळ्या पडद्याकडे पाहिलं. "सकाळपासून शिकवत होतो त्याला. चार तास. आता पुन्हा... पहिल्यापासून."

"अरे देवा..." तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी हा प्रताप!

पण तो चिडला नाही. टोपण पेनाला लावत हळूच म्हणाला, "पण... थँक्यू हं. माझ्यासाठी इतक्या जोरात कुणी... म्हणजे, पळत आलं नव्हतं."

असं अर्ध्यावर थांबत बोलायची त्याची रीतच होती. वाक्य सुरू व्हायचं, मध्येच अडखळायचं, तुमच्या तोंडाकडे बघायचं आणि मग पुढे सरकायचं. त्यात प्रोग्राम लिहिणारा, म्हणजे ओळीओळीच्या शेवटी अर्धविराम ठोकणारा. आठवडाभरात तिनं त्याचं नाव 'अर्धविराम' ठेवलं. त्यानंही उट्टं काढलं. तिच्या खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर असायचा, म्हणून ती झाली 'मिस्त्री'.

दोघांची गाठ घातली ती मॅडमनी. यंत्रमानव घडवायचा हा अभ्यासक्रमच तसा होता. अर्धी मुलं इंजिनिअरिंगची, अर्धी कॉम्प्युटरची, आणि दोन वर्षांत दोघांना एकमेकांचं काम आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक जोडीत एक लोखंडवाला आणि एक कोडवाला. "भांडा, पण एकमेकांना सांगून भांडा," मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या. तेव्हा सगळे हसले होते.

ती मात्र हसली नव्हती. ती एका कारखान्यात तीन वर्षं गिअरबॉक्स जोडत होती. प्रोग्रामिंगचा गंध नाही. म्हणून तिला प्रवेश दिला होता तो अट घालून, की पहिल्या सहामाहीच्या शेवटी जोडीचा प्रयोग पास झाली तर पुढे, नाहीतर सामान आवरायचं. दुसरी संधी नाही. फोनवर आई म्हणायचीच, "चांगली बसलेली घडी मोडून पुन्हा पाटी-दप्तर कशाला हवं होतं गं तुला? नाही जमलं तर?"

"जमेल गं आई," ती म्हणायची, आणि फोन ठेवला की रडकुंडीला यायची.

अर्धविराम ते ओळखायचा. वर्गात सगळं डोक्यावरून गेलं की ती वहीत नुसते बोल्ट काढत बसायची. तो शेजारून वही ओढायचा आणि त्याच बोल्टांवर बाण काढून समजावायचा. "हा बोल्ट आधी, मग हा. हा सैल असेल तर... मागे जा, पुन्हा आवळ. झालं. हाच प्रोग्राम."

"एवढंच?"

"एवढंच. तुला येतं हे... फक्त तुला माहीत नाही."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. ती त्याला पाना धरायला शिकवायची. परीक्षेच्या आठवड्यात एकदा पाना निसटला, त्याचं बोट सोलवटलं आणि तिनं ते आपल्या हातात धरून पट्टी लावली, तेव्हा तो इतका गप्प झाला की तिला वाटलं, फार दुखलं बिचाऱ्याला. पट्टी लावून झाली तरी बोट तिच्याच हातात होतं... आणि तिलाही ते सोडायची घाई नव्हती, हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. एकदा पास व्हायचं, मग बाकीचं. नाहीतर जायचंच आहे, तर मग कशाला कुणाला जीव लावायचा?

प्रयोग सोपा वाटायचा, ऐकायला. यंत्रहातानं दहा काचेच्या नळ्या एकेक करून उचलायच्या आणि लाकडी ठोकळ्याच्या दहा भोकांत ठेवायच्या. आठ तरी नीट बसल्या पाहिजेत. परीक्षा सोमवारी होती. शनिवारी संध्याकाळी त्यांनी रंगीत तालीम केली आणि हातानं एकही नळी भोकात घातली नाही. प्रत्येक वेळी दोन मिलिमीटर डावीकडे. तालमीच्या नळ्या प्लास्टिकच्या, म्हणून वाचल्या.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "माझंच काहीतरी चुकलं असेल. जोडणी माझी आहे."

"छे, माझं. हिशोब... माझा आहे."

"अरे, पण—"

"मिस्त्री, तुझे डोळे बघ कसे झालेत. उद्या रविवार. लॅबकडे फिरकायचंसुद्धा नाही. झोप काढ."

"मग तूही लॅपटॉप उघडायचा नाही. सोमवारी सकाळी लवकर येऊ आणि दोघं मिळून बघू. शपथ?"

"शपथ."

शपथेचं काय झालं, ते आता ऐका. रविवारी दहाच्या ठोक्याला ही बाई लॅबच्या दारात हजर! वॉचमनकाकांच्या हातापाया पडून किल्ली मिळवली. हाताचं कोपर हलवून पाहिलं तर सांधा झिजलेला, सैल. म्हणजे दोष तिचाच. हे त्याला कळलं असतं तर तो म्हणाला असता, असू दे, आणि सगळा भार स्वतःवर घेतला असता. तिच्या सैल सांध्यापायी त्याचा निकाल बिघडावा? तिला ते सोसवेना. तिनं पितळेचा पातळ पत्रा कापला, सांध्यात सरकवला आणि कोपर घट्ट केलं. चालवून बघायची सोय नव्हती, प्रोग्राम त्याच्याकडे. पण कारखान्यात असे शंभर सांधे तिनं बसवले होते. सोमवारी सकाळी त्याला सांगून टाकायचं, एवढं मात्र तिनं ठरवलं.

सोमवारी ती लवकर पोचली. तोही पोचला, डोळे तांबारलेले.

"ऐक ना, मला तुला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"मलाही... म्हणजे, रागावू नकोस, पण—"

"जोडी क्रमांक पाच!" आतून मॅडमचा आवाज आला. "पहिल्या जोडीचं यंत्र बंद पडलंय. तुम्हीच या आधी. लगेच!"

झालं! ना तपासायला वेळ, ना बोलायला. तीन परीक्षक खुर्च्यांत बसलेले. त्यानं घाईघाईनं प्रोग्राम चढवला, पट्टीच्या बोटानं कळ दाबली. हात उठला, नळी उचलली, ठोकळ्यावर आला, खाली गेला आणि... खळ्ळ! काचेचे तुकडे.

दुसरी नळी. पुन्हा खळ्ळ!

दोन गेल्या. आणखी एक गेली की संपलं सगळं. आई, कारखाना, सामान, स्टेशन, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. आणि सगळ्यात शेवटी, का कोण जाणे, पट्टी बांधलेलं एक बोट. हे सोडून जायचं? तिचे डोळेच भरून आले.

हात तिसऱ्या नळीकडे वळला. तिनं डोळे पुसले आणि ठोकळ्याकडे नीट पाहिलं. भोकाच्या काठावर काचेचा चुरा होता... उजव्या काठावर. उजव्या? शनिवारी तर हात डावीकडे जात होता!

ती धावली आणि तिनं लाल बटण हाणलं.

"हे काय चाललंय?" मॅडम उठल्याच.

"मॅडम, एक मिनिट. माझी चूक आहे." आता लपवून चालणार नव्हतं. ती त्याच्याकडे वळली. "मी शपथ मोडली. काल आले होते. कोपरात पत्रा घातलाय मी. सैल होतं ते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काल?"

"हो."

"मी पण... काल." त्यानं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "लॅपटॉप उघडला. सगळं दोन मिलिमीटर उजवीकडे... सरकवलं. तुला काळजी नको म्हणून. सांगणार होतो."

एकच दुखणं, आणि दोघांनी चोरून दोन औषधं पाजली होती! तीच चूक तिनं लोखंडात सुधारली होती आणि त्यानं कोडमध्ये. हात बिचारा डावीकडून निघाला तो थेट उजवीकडे जाऊन पडला.

"मी काढते पत्रा!" तिनं स्क्रू ड्रायव्हर उपसला.

"मी ती ओळ काढतो!" तो लॅपटॉपवर झेपावला.

"थांबा!" मॅडम कडाडल्या. "दोघांनी काढलंत तर पुन्हा डावीकडे! एकानंच काढा. आणि आता तरी एकमेकांना सांगून!"

दोघं थांबले. एकमेकांकडे पाहिलं. तिला हसू फुटलं, रडू येत असतानाच.

"तुझा पत्रा राहू दे," तो म्हणाला. जराही न अडखळता. "दुखणं कोपराचं होतं, इलाज तिथंच हवा. माझी ओळ मी काढतो. चालेल?"

"चालेल."

त्यानं ओळ काढली, यंत्र चालू करून प्रोग्राम पुन्हा चढवला. तिसरी नळी अलगद बसली. चौथी. पाचवी. ती ओठ दाताखाली धरून मोजत होती. नववीला हात जरा थरथरला आणि तिनं त्याचं मनगट गच्च पकडलं... बसली. दहावी भोकावर आली, थांबली. खाली गेली. टक्!

आठ. मोजून आठ.

मॅडमनी कागदावर सही केली. "लोखंडाला दहापैकी दहा," त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कोडला दहा. संभाषणाला शून्य. पास. निघा आता."

बाहेर व्हरांड्यात येऊन ती पायरीवर मटकन बसली. बारीक पाऊस होता, पन्हळीतून थेंब टपकत होते. तिनं आईला फोन केला, "आई, राहिले गं मी!" एवढंच बोलली आणि हुंदका आला. आई पलीकडून काहीबाही विचारत राहिली. फोन ठेवला तेव्हा तो शेजारी येऊन बसला होता.

"मिस्त्री... आणखी एक गोष्ट आहे. तुला न सांगता केलेली."

तिनं झटकन मान वळवली. "आता काय केलंस बाबा? कोड बदललास?"

"नाही. प्रेमात पडलो." तो थांबला. यावेळी वाक्य अर्धं नव्हतं, पूर्ण होतं. "तुझ्या. पहिल्या दिवसापासून... ते बटण हाणलंस ना, तेव्हापासून. तू राहणार की जाणार, तेच माहीत नव्हतं. आधीच इतकी काळजी तुला, त्यात हे ओझं कशाला, म्हणून..."

तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे पुन्हा तेच!"

"काय?"

"अरे वेड्या, दोघांनी एकच काम केलं. एकमेकांना न सांगता. मी पण!"

त्याच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या. मग फार गंभीरपणे त्यानं विचारलं, "मग आता... कुणी मागे घ्यायचं?"

तिनं त्याचं पट्टीचं बोट आपल्या हातात घेतलं.

"हे राहू दे," ती म्हणाली. "दोघांचंही."